गाडी कोण चालवणार

शारजात दारू मिळत नाही,
म्हणून मी महिन्यातून एकदा अजमानला जातो.
समुद्राकाठचं ते बिनपाटीचं दुकान,
काळी पिशवी, तिच्यावर तांदळाची गोणी,
आणि घरी पोचेपर्यंत माझं ते
पिवळ्या सिग्नललाही थांबणं.
मुलाला वाटतं, बाबा तांदूळ आणायला जातात,
असं मला वाटत होतं.

ऋत्विजचं कॉलेज दुबईला. बस सव्वासहाला.
पहिल्या वर्षी त्याला जे सांगायचं होतं
ते मी ऑफिसात बसून लिहून काढलं:
अकरा मुद्दे. व्हिसा, तुरुंग, काळी यादी,
आईला काय वाटेल.
कागद अजून ड्रॉवरमध्ये आहे.

माझ्या वडिलांकडे तर मुद्देही नव्हते.
ते झोकांड्या खात आले की आई रेडिओ मोठा करायची
आणि आम्ही भावंडं
बाजारभाव लक्ष देऊन ऐकायचो.

मग नोव्हेंबरातला तो शुक्रवार.
पावणेदोनला फोन.
"बाबा, जोएल उठत नाहीये."
मागे कुणी रडत होतं, कुणी म्हणत होतं,
ठेव फोन, पोलीस येतील.
मी उठलो, खिळ्यावरची चावी काढली,
आणि शुभदाने ती माझ्या हातातून घेतली.
बोलली काही नाही.
टेबलावरच्या ग्लासाकडे पाहिलंही नाही.
नुसती चावी घेतली.

तिला गाडी चालवता येत नाही.

तिने फोन कानाला लावला
आणि भाजीत मीठ किती ते सांगावं तशा आवाजात म्हणाली,
कुशीवर वळव त्याला. पाठीला उशी लाव.
श्वास मोज, मला ऐकू येईल असा मोज.
कॉफी नको, काही पाजू नका, एकटा सोडू नका.
दुसऱ्या फोनवरून अ‍ॅम्ब्युलन्स. आत्ता.
पोलिसांचं आम्ही बघू.
"आम्ही" म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं.

टॅक्सीवाला पेशावरचा. सबंध रस्ताभर गप्प.
फक्त माझ्या बाजूची काच
त्याने न विचारता खाली केली.

जोएल वाचला.
त्याचे वडील कॉरिडॉरमध्ये चपला हातात घेऊन उभे,
का ते त्यांनाही माहीत नसावं.

परतताना आम्ही तिघं मागच्या सीटवर.
ऋत्विजच्या शर्टाला दुसऱ्याच्या ओकारीचा वास,
तोंडाला संत्र्याच्या सोड्याचा.
मी नाकाने श्वास घेत,
ते अकराच्या अकरा मुद्दे
घरापर्यंत गिळत आलो.
लिफ्टमध्ये तो म्हणाला,
"तांदूळ खूप साठलाय, बाबा.
या महिन्यात नाही आणला तरी चालेल."

मी सोडली असं लिहिलं तर ते खोटं होईल.
शुक्रवार-शनिवार सोडली.
कुणाला सांगितलं नाही.
पहिले दोन शुक्रवार हात कुठे ठेवावेत कळेना,
म्हणून भांडी घासायला घेतली.

परवा तो ओट्यापाशी कांदा चिरत उभा होता.
म्हणाला, परीक्षेच्या आठवड्यात एक जण गोळ्या विकतो,
रात्रभर झोप येत नाही म्हणे,
आमच्या ग्रुपमधल्या दोघांनी घेतल्या.
माझ्या घशाशी माझे वडील आले, रेडिओ आला.
मी म्हणालो, "मग?"
एवढंच.
तो बोलत राहिला. कांदा संपला तरी बोलत होता.
एकच पातेलं मी तीनदा घासलं.

काल पुन्हा शुक्रवार. साडेबाराला मेसेज:
"झोपलात?"
"नाही."
"मेट्रो गेली. विशेष काही नाही. पण इथे थांबावंसं वाटत नाहीये."
मी चावी काढली.
शुभदाने अर्धवट झोपेत विचारलं, कोण चालवणार?
आणि उत्तराची वाट न बघता
कूस बदलून झोपून गेली.